उत्तेजनार्थ नाकतोडा

दातवाल्यांनी आयुष्यात एकही मासा पकडला नव्हता. पकडणं दूरच, माशांचा वास आला की ते रस्ता बदलत. तरीही गळाला लावायच्या माश्या बांधण्यात आपला हात धरणारा गावात कोणी नाही, असं त्यांचं मत होतं, आणि गेली कित्येक वर्षं ते या मतावर ठाम होते. दुसऱ्या कोणाचं तसं मत असल्याचं अजून ऐकिवात नव्हतं.

त्यांना दातवाले म्हणायचे, कारण ते कवळ्या बनवत. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि बाजारामागच्या गल्लीतल्या एका लांबट खोलीत, बारीक ज्योतीपाशी बसून, मेण वितळवत ते लोकांचे दात घडवायचे. या धंद्यात एकच तत्त्व. नकली वस्तू नकली म्हणून ओळखू आली की मेहनत पाण्यात गेली. ‘काय सुंदर कवळी आहे हो तुमची,’ असं कोणी म्हटलं तर समजावं, कवळी फसली. कारागिराचं खरं कौतुक म्हणजे कोणालाच काही न कळणं. आयुष्यभर असलं मुकं कौतुक पचवलेल्या माणसाला बोलक्या कौतुकाची भूक लागली, तर त्याला दोष देता येत नाही. हसता मात्र येतं, आणि घरची मंडळी ते कर्तव्य चोख बजावत.

गळाची माशी म्हणजे काय, ते सांगून टाकलेलं बरं, कारण दातवाल्यांच्या शेजाऱ्यांना ते अजून कळलेलं नाही. लहानशा गळाभोवती दोरा गुंडाळायचा, त्यात पिसं आणि केस असे अडकवायचे की गळ झाकला जाऊन किड्यासारखं काहीतरी दिसावं. ते पाण्यावर अलगद सोडलं की माशाला वाटतं जेवण आलं. माशांपुरती गोष्ट इथे संपते. माणसांनी मात्र तिथून पुढे दोन पंथ काढले. एक सजावटीवाल्यांचा. ते सोनेरी तारा आणि निळी-पिवळी पिसं वापरून अशा माश्या बांधतात, की तसा किडा सृष्टीत कुठे जन्मला नाही आणि जन्मेल असं वाटतही नाही. दुसरा हुबेहूबवाल्यांचा. त्यांना किड्याच्या पायाचा प्रत्येक सांधा हवा, डोळ्याची चमक हवी, पंखावरची रेघ हवी. दोन्ही पंथांच्या माश्या काचेमागे राहतात आणि पाणी कधी बघत नाहीत. मासे पकडायला लागते ती एक केसाळ, विस्कटलेली, गबाळी वस्तू, आणि माशांना ती मनापासून आवडते. पण माशांच्या आवडीनिवडीवर चालायचं ठरवलं तर प्रदर्शनं कशी भरवायची?

दातवाले हुबेहूब पंथाचे. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला लावून त्यांचं टेबल होतं. टेबलाच्या कडेला एक चिमुकला शिकंजा, त्यात गळ पकडायचा. बाकी दोऱ्याची रिळं, मेणाचे गोळे, लाखेच्या बाटल्या आणि पिसांचे डबे. पिसं कोंबडीवाल्याकडून यायची असं ते सांगत. घरातल्या उश्या दर महिन्याला थोड्या पातळ का होत, हे ते सांगत नसत.

त्यांची बायको तीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात, जुने कागद ठेवायच्या खोलीत नोकरीला होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. यंदा ती निवृत्त झाली, घरी आली, चार दिवस स्वस्थ बसली आणि पाचव्या दिवशी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“अहो, या घरात ऊन येतं ते फक्त याच खिडकीतून. बरोबर?”

“सकाळचं येतं,” दातवाले शिकंज्यावरची नजर न काढता म्हणाले.

“आणि ते पडतं कोंबडीच्या पिसांवर.”

“पिसांना उजेड लागतो गं. रंग नीट कळत नाही त्याशिवाय.”

“मलाही लागतो. माझाही रंग तीस वर्षांत कोणाला नीट कळलेला नाही. मला इथे पलंग हवाय. सकाळी डोळे उघडले की समोर आकाश दिसलं पाहिजे, चिमटे नकोत.”

वाद फार दिवस चालला नाही, कारण दातवाले वादात कच्चे होते आणि बायको पक्की होती. शेवटी तिनेच तोडगा काढला. गावातल्या गळ मंडळाचं वार्षिक प्रदर्शन काही महिन्यांवर आलं होतं. तिथे दातवाले दर वर्षी काहीतरी ठेवत आणि दर वर्षी रिकाम्या हाताने परत येत.

“या वर्षी काहीही मिळू दे, टाळ्या सोडून काहीही, खोली कायमची तुमची. मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही मिळालं तर माझा पलंग इथे, आणि तुमची पिसं जिथून आली तिथे परत.”

“कोंबडीवर?”

“माझ्या उशीत.”

म्हणजे ते तिला माहीत होतं तर. दातवाल्यांनी मुकाट्याने अट मान्य केली.

गळ मंडळाचा अध्यक्ष म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मासे पकडण्यात त्याचा लौकिक मोठा होता आणि त्याची सगळी शिकार बोलण्यातून झालेली होती. एकदा हातातून निसटलेल्या एका माशाची लांबी तो दोन्ही हात पसरून दाखवी. तो मासा निसटल्यानंतरही वाढतच होता. हल्ली तो दाखवायला अध्यक्षांना खोलीच्या मधोमध उभं राहावं लागे.

“भाऊजी, या वर्षी परीक्षक बाहेरून आणलेत,” त्याने बातमी दिली. “फार मोठा माणूस. नुसतं बघून सांगतात, माशी कुठल्या हाताने बांधली. वशिला चालणार नाही.”

“आजवर कधी लावलास रे वशिला?”

“म्हणजे, लावला असता तरी चालला नसता, असं म्हणतोय मी.”

दातवाल्यांनी नाकतोडा बांधायला घेतला. नमुना दैवयोगाने मिळालेला होता. कवळ्यांच्या खोलीच्या खिडकीत एक नाकतोडा मरून पडला होता, हातपाय जागच्या जागी, जणू याच कामासाठी त्याने देह ठेवला असावा. दातवाल्यांनी त्याला लाखेचा हात दिला, मेणाने एका गळावर बसवला आणि तो गळ दुसऱ्या शिकंज्यात लावला. आता डाव्या शिकंज्यात देवाचा नाकतोडा, उजव्यात दातवाल्यांचा. देव या शर्यतीत असल्याचं देवाला कोणी कळवलं नव्हतं.

काम महिनोनमहिने चाललं. पिसाच्या लांब काडीला मधोमध गाठ मारली की मागच्या पायाचा गुडघा होतो. ती गाठ एक केसभर पुढेमागे झाली की नाकतोडा लंगडा दिसतो, म्हणून दातवाल्यांनी गुडघेच एवढे बांधले की त्यात नाकतोड्यांची अख्खी पलटण उभी राहिली असती. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक ज्योतीजवळ नेलं की वितळून बारीक गोळा होतो, तो डोळा. मिशांना रंगाच्या कुंचल्यातले केस. सगळ्यात शेवटी पोटाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याचे दोन वेढे. ती त्यांची सही. कवळीच्या आतल्या बाजूलाही ते असाच एक लाल ठिपका ठेवत. जगाला दिसत नसला तरी तोंडात आपला ठिपका घेऊन निम्मं गाव हिंडतंय, एवढं समाधान त्यांना पुरत असे.

प्रदर्शनाच्या सकाळी एक विपरीत घडलं. निघायच्या घाईत लाखेची बाटली शर्टावर सांडली आणि हातही बरबटले. दातवाल्यांनी बायकोला हाक मारली.

“अगं, तेवढा माझा नाकतोडा काढून डबीत ठेव. कापसावर. पायाला धक्का लावू नकोस. मी शर्ट बदलतो तोवर.”

तिने ठेवला. डबीला काचेचं झाकण होतं. दातवाल्यांनी झाकणातून पाहिलं, नाकतोडा कापसात आरामात बसला होता. त्यांनी डबी छातीशी धरली आणि निघाले.

मंडळाच्या दिवाणखान्यात गर्दी बरी होती. दातवाले आपल्या डबीशेजारी उभे राहिले ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. कोणी वाकलं की ते सुरू होत. “हा गुडघा बघा. गाठ आहे ती. नुसती गाठ.” एका बाईंनी विचारलं, “अगंबाई, हा खरा आहे का?” दातवाले असे काही विनयाने हसले, की तो विनय पाहून शेजारच्या सजावटीवाल्याने तोंड फिरवलं. “नाही हो. पिसं आहेत सगळी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्हाला म्हणून सांगतो, डाव्या पायात थोडी घाई झालीय. जाणकाराला ते लगेच दिसेल.”

जाणकार आले. परीक्षकांच्या टोपीत चारी बाजूंनी माश्या खोचलेल्या होत्या, त्यामुळे ते एखाद्या उघड्या राहिलेल्या मिठाईसारखे दिसत होते. त्यांनी भिंगातून नाकतोडा पाहिला, टोपी मागे सारली, पुन्हा पाहिला आणि काही न बोलता पुढे गेले. निकाल सांगताना मात्र व्यासपीठावरून भरपूर बोलले. पहिलं बक्षीस सात रंगांच्या एका सजावटी माशीला मिळालं. ती बांधणारा परीक्षकांचाच शिष्य निघाला, हा योगायोग सगळ्यांनी मोठ्या मनाने मान्य केला. शेवटी ते नाकतोड्याकडे वळले.

“मेहनत आहे, नाही असं नाही. पण निसर्गाचं निरीक्षण कमी पडलंय. खरा नाकतोडा असा बसत नाही. पायांचं प्रमाण चुकलंय. आणि डोळे! डोळ्यांत जीवच नाही. तरीसुद्धा या हौशी कलाकाराचा हुरूप टिकावा म्हणून, उत्तेजनार्थ.”

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी सर्वांत जोरात वाजवल्या. दातवाले घरी आले ते चालत आले की तरंगत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“उत्तेजनार्थ म्हणजे बक्षीसच ना?” त्यांनी दारातूनच विचारलं.

बायकोने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “नुसत्या टाळ्या नाहीत, म्हणजे बक्षीसच. खोली तुमची.” आणि आत जाऊन तिने पलंगाचं माप घेतलेली दोरी खिळ्यावरून काढून ठेवली.

ती दोरी दातवाल्यांनी पाहिली नसती तर बरं झालं असतं.

नाकतोडा मंडळाच्या काचेच्या कपाटात राहिला. तिकडे तो शोभून दिसतो, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. चार-सहा दिवसांनी दातवाल्यांनी टेबल आवरायला घेतलं. आता नमुन्याचं काय काम? उरलेला शिकंजा डावा की उजवा हे न बघताच त्यांनी त्यातून मेलेला नाकतोडा काढला, केराच्या डब्यावर धरला आणि अंगठ्याने चुरडला. चुरडला गेला नाही. दबला, आणि अंगठा उचलल्यावर पाय ताणत पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. वाळलेला किडा असं करत नाही. दातवाल्यांनी त्याला उलटा केला. पोटाखाली लाल दोऱ्याचे दोन वेढे होते.

ते खुर्चीवर बसले. मग खाटिकखान्यातून सुटून आलेल्या बकऱ्याकडे बघावं तसं त्या नाकतोड्याकडे बघत राहिले. म्हणजे प्रदर्शनात गेला होता तो देवाचा. पायांचं प्रमाण चुकलं होतं ते देवाचं. निसर्गाचं निरीक्षण कमी पडलं होतं तेही निसर्गाचंच. परीक्षकांना हसायला दातवाले तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना आठवलं, की दिवसभर त्या डबीशेजारी उभं राहून ‘ही गाठ बघा’ म्हणून जगाला समजावत कोण होतं. डाव्या पायात घाई झाल्याचं कोणी कबूल केलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

नाकतोडा शर्टाच्या खिशात घालून ते दोन दिवस हिंडले. सांगावं तर बक्षीस जाणार, बक्षिसाबरोबर खोली जाणार. न सांगावं तर काहीच बिघडत नव्हतं. बायको रोज सकाळी स्वयंपाकघरात दिव्याखाली चहा घेत होती आणि एका शब्दाने कुरकुरत नव्हती. तिने शब्द पाळायचं ठरवलं होतं आणि ती तो अगदी निर्दयपणे पाळत होती.

तिसऱ्या दिवशी ती मटार सोलत बसलेली असताना अध्यक्ष धापा टाकत आले.

“भाऊजी, आधी सांगा, तुम्ही त्या नाकतोड्यात भरलंय काय?”

“का रे?”

“मुंग्या लागल्यात त्याला! कपाटात रांग लागलीय. एक पाय तर घेऊनही गेल्या.”

बायकोच्या हातातली शेंग थांबली. दातवाल्यांचा हात खिशावर गेला.

“मी घाबरून परीक्षकांना बोलावून घेतलं,” अध्यक्ष सांगू लागले. “ते काय म्हणाले माहितेय? म्हणाले, अध्यक्ष, मुंगी कधी फसत नाही. ज्या कलाकाराने मुंगी फसवली, त्याला उत्तेजनार्थ देऊन माझ्या हातून अन्याय झाला. आता खास सभा घेऊन तुमचा सत्कार करायचा म्हणतायत. ताई, तुझ्या नवऱ्याचं नशीब उघडलं गं! पुढच्या वर्षी बहुतेक भाऊजीच परीक्षक.”

दातवाल्यांनी खिशातून नाकतोडा काढला आणि मटारच्या टरफलांशेजारी ठेवला.

अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले. “शी! हा कुठून आला? मेलेला आहे ना?”

“हा माझा आहे. मी बांधलेला. तिकडे मुंग्या खातायत तो खराच होता.”

ते पचायला अध्यक्षांना वेळ लागला. निसटलेल्या माशाच्या बाबतीत त्यांना सत्याची इतकी अडचण कधी झाली नव्हती.

“गप्प बसा, भाऊजी,” ते शेवटी दबक्या आवाजात म्हणाले. “हे आपल्या तिघांत राहू दे. परीक्षकांची अब्रू, मंडळाची अब्रू, आणि तुमचा सत्कार. कशाला उगाच?”

दातवाले बायकोकडे वळले. “तुला डबीत ठेवायला सांगितलं, तेव्हा तू हा का नाही उचललास?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “दोन दिसले. हा असा नीटनेटका, चकचकीत, आत्ता उडेल की काय असा. मला वाटलं हाच खरा, मेलेल्याला कोण हात लावणार? दुसरा जरा वाकडातिकडा होता, पाय दुमडलेले, डोळे गेलेले. म्हटलं, ह्यांनी बांधलेला तो हाच असणार.”

अध्यक्ष फस्सकन हसले. दातवाले हसले नाहीत. जन्मभर कवळ्या केलेल्या माणसाच्या कानावर असे शब्द पहिल्यांदाच पडत होते, आणि पडले ते नेमके अपमानाच्या वेष्टनात. त्यांनी ते वेष्टन सावकाश सोडवलं, आतलं नीट ठेवून घेतलं आणि उठले.

“कुठे निघालात?” बायकोने विचारलं.

“परीक्षकांकडे. आणि तू ती मापाची दोरी पुन्हा बाहेर काढ. बक्षीस नाकतोड्याला मिळालंय, मला नाही. खोली तुझी.”

“अहो, पण सत्कार...” अध्यक्ष कळवळले.

“तुझी ताई तीस वर्षं तळघरात होती,” दातवाले चपला घालत म्हणाले. “मुंग्यांच्या शिफारशीवर मी तिची खिडकी घेऊ?”

परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. टोपी काढली, एक माशी नीट खोचली आणि टोपी पुन्हा चढवली.

“मला पहिल्याच दिवशी शंका आली होती,” ते म्हणाले. “म्हणून तर फक्त उत्तेजनार्थ दिलं.”

यावर दातवाल्यांनी खिशातला नाकतोडा काढून समोर धरला. परीक्षकांनी भिंगाशिवायच मान हलवली. “हो, आता कळतो फरक. हा अगदीच बांधलेला दिसतो.” दातवाल्यांनी त्यांचे आभार मानले. अशा माणसाकडून बक्षीस घेण्यापासून आपण थोडक्यात वाचलो, याबद्दलचे ते आभार होते, पण परीक्षकांनी ते दुसऱ्याच खात्यावर जमा केले.

सत्कार रद्द झाला. कलाकार अतिशय नम्र असल्यामुळे त्यांनी नकार दिला, असं मंडळाने जाहीर केलं. मुंग्यांनी आपलं काम पूर्ण केलं आणि कपाट पुसून ठेवण्यात आलं.

बायकोने औदार्य वगैरे दाखवलं नाही. दुसऱ्याच दिवशी पलंग मागच्या खोलीत गेला आणि टेबल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पिंपाशेजारी आलं. दातवाले आता दिव्याखाली बांधतात आणि पिसांचे रंग चुकतात. उश्या परत जाड झाल्या आहेत. नाकतोडा तेवढा तिने मागून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कशाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “असू दे. केर काढताना दचकायला होतं, तेवढीच जाग येते.”

परवा सकाळी तिकडून हाक आली. “अहो, इकडे या. लवकर!”

दातवाले हातातला दोरा तसाच सोडून धावले. बायको पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, हातात वर्तमानपत्राची सुरळी. खिडकीच्या कट्ट्यावर, कोवळ्या उन्हात, शेजारी शेजारी दोन नाकतोडे बसले होते.

“एक आत्ता आला बाहेरून. मी कूस बदलेपर्यंत बसलाही. आता यातला तुमचा कुठला?”

दातवाले वाकले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला. कट्टा फार उजळ होता, आणि पोटाखालचं काही दिसत नव्हतं.

“अहो, मी विचारतेय. मारू कुणाला?”

“थांब जरा,” दातवाले म्हणाले आणि त्यांनी एक बोट हळूच पुढे केलं. एक नाकतोडा टुणकन उडाला आणि खिडकीबाहेर गेला.

“हा राहिला, तो माझा,” ते म्हणाले.